अपग्रेडनंतर बॅटरी निम्म्यावर आली म्हणजे ती बसली, असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप साडेतीन वर्षं जुना. विंडोज १० वरून विंडोज ११ वर अपग्रेड करून आठवडा झाला. आधी पाच तास पुरणारी बॅटरी आता अडीच तासांत उतरते. आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबतं आणि पुढे सरकत नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, टचपॅडवर दोन बोटांनी पान वर-खाली होत नाही, आणि रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी हाताला गरम लागतो. एकानं सांगितलं बॅटरी बदला, दुसऱ्यानं सांगितलं फॉरमॅट मारा. यातलं काय करू?

आत्ता यातलं काहीच करू नका. बॅटरी ही रसायनांची वस्तू आहे, ती महिन्या-वर्षांच्या हिशेबानं झिजते. अपग्रेडच्या एका दुपारी तिची क्षमता निम्मी होत नाही. त्या दुपारी बदललं ते वीज खर्च करणारं आणि मोजणारं सॉफ्टवेअर. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: टाकी केवढी उरली आहे, आणि नळ किती उघडा आहे. हे दोन्ही मोजता येतं आणि मोजायला दहा मिनिटं पुरतात. ते न मोजता बॅटरी बदललेली माणसं मी खूप पाहिली आहेत. नवी बॅटरीही तीन तासांत उतरली की ती हताश होतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी एक काम करा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर एकेक करून बोट दाबा. डुगडुगतो का? झाकण मिटल्यावर पुढच्या कडेला फट दिसते का? टचपॅड मधोमध वर आल्यासारखा वाटतो का, त्याचं क्लिक घट्ट झालंय का? मागे एकजण माझ्याकडे अपग्रेडनंतर टचपॅडचा ड्रायव्हर (त्या भागाला विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) बिघडला म्हणून लॅपटॉप घेऊन आला. त्यानं तो ड्रायव्हर चार वेळा काढून टाकला होता. मी पट्टी घेऊन टचपॅडवर आडवी ठेवली तर ती मधल्या उंचवट्यावर तराजूच्या दांडीसारखी हलली. खालची बॅटरी फुगली होती आणि तिनं टचपॅड आतून वर ढकलला होता. अपग्रेडचा त्याच्याशी संबंध एवढाच की दोन्ही एकाच आठवड्यात लक्षात आलं. असं काही दिसलं तर तिथेच थांबा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद ठेवा, फुगवटा दाबू नका, टोचू तर अजिबात नका, आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. अशा वेळी बाकीचं सगळं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

सगळं सपाट असेल तर आता टाकी मोजू. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल उघडा आणि पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून, /बॅटरीरिपोर्ट अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली हे तिथेच खाली लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात वरच्या भागात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे कारखान्यातून निघताना टाकी केवढी होती, दुसरा म्हणजे आज पूर्ण भरल्यावर तिच्यात किती मावतं. दोन्ही मिलिवॅट-तासांत असतात. त्यांच्या खाली सायकल काउंट, म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा पूर्ण भरली-उतरली तो आकडा असतो, पण काही लॅपटॉप तो कळवतच नाहीत आणि तिथे नुसती रेघ दिसते. त्याची काळजी करू नका.

समजा डिझाइन ५०,००० आहे आणि फुल चार्ज ४१,२००. म्हणजे टाकी ८२ टक्के शिल्लक आहे. साडेतीन वर्षांच्या बॅटरीला हे चांगलंच म्हणायचं. आता खाली रीसेंट युसेजचा तक्ता बघा. त्यात वेळ, लॅपटॉप जागा होता की झोपलेला, वीज चार्जरची की बॅटरीची, आणि त्या क्षणी किती मिलिवॅट-तास उरले होते हे ओळीओळीनं दिलेलं असतं. बॅटरीवर सलग काम केलेला एखादा तास निवडा. तासाच्या सुरुवातीला ३६,४०० होते आणि शेवटी १९,६०० उरले, तर त्या तासात १६,८०० गेले, म्हणजे सरासरी १६.८ वॅट.

हाच आकडा महत्त्वाचा. ४१.२ वॅट-तासांची टाकी १६.८ वॅटनं जवळपास अडीच तास चालते. आधी पाच तास मिळत होते, म्हणजे तेव्हा खर्च साधारण ८ वॅट होता. आता नवीन बॅटरी घातली तर काय होईल ते बघा: ५० भागिले १६.८, म्हणजे तीन तासांना थोडं कमी. एवढा खर्च करून अर्धा तास वाढला. उलट खर्च परत ८ वॅटवर आणला तर याच जुन्या बॅटरीवर पाच तास परत मिळतात. तुमच्या रिपोर्टमधले आकडे घालून हा भागाकार स्वतः करा, म्हणजे कोणाच्याही सांगण्यावर विसंबायची गरज राहणार नाही. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या ५०-६० टक्क्यांवर आली असेल तर मात्र बॅटरी खरंच थकली आहे. ती बदला, पण पुढचं वाचूनच.

आता नळाकडे वळू. अपग्रेडनंतरचे पहिले दोन-तीन दिवस खर्च वाढलेला असणं ठरलेलंच आहे. विंडोज सगळ्या फाइलींची अनुक्रमणिका नव्यानं बनवतं, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर सगळं तपासतो, स्टोअरमधली अॅप्स अपडेट होतात, क्लाउडवरचं फोल्डर पुन्हा जुळवलं जातं. आणि ही कामं लॅपटॉप चार्जरवर आणि जागा असताना भराभर उरकतात. रोज तासभर उघडून मिटत राहिलात तर तेच काम आठवडाभर रेंगाळतं. म्हणून एका संध्याकाळी चार्जर लावा, स्लीप बंद करा आणि तीन-चार तास लॅपटॉप तसाच जागा राहू द्या. मग टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. तुम्ही काही करत नसताना सगळ्यात वरचा आकडा दोन-चार टक्क्यांच्या आत हवा. सर्च इंडेक्सर किंवा अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल (म्हणजे डिफेंडरच) आठवड्यानंतरही वीस-तीस टक्क्यांवर बसून असेल तर ते कशात तरी अडकलं आहे. बहुतेक वेळा एखादी मोडकी मेल फाइल असते किंवा दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायांत येत असतात.

पण तुमच्या बाबतीत मला तेवढंच कारण वाटत नाही, आणि ते ब्राइटनेसमुळे. ब्राइटनेस बदलत नाही आणि बॅटरी लवकर उतरते ही दोन दुखणी एकत्र आली की मी पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घेतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव न दिसता मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं दिसलं, तर गाठ सापडली. अपग्रेडमध्ये मूळ ड्रायव्हर गळून पडला आहे आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चित्र दाखवतंय. या कामचलाऊ ड्रायव्हरला स्क्रीनचा दिवा मंद करता येत नाही, त्यामुळे तो सतत पूर्ण तेजानं जळतो. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे जात नाही, ते सगळं प्रोसेसरवर पडतं. स्लीपसुद्धा नाहीशी होते, कारण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संमतीशिवाय विंडोज झोपू शकत नाही. एकच ड्रायव्हर नाही, पण तक्रारी चार दिसतात. अशा एका लॅपटॉपवर साधा व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर साठ टक्क्यांच्या आसपास होता आणि पंखा घोंगावत होता. योग्य ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट केल्यावर तोच व्हिडिओ दहा टक्क्यांच्या आत चालला आणि पंखा बंद झाला.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक भानगड होते. साध्या कामाला लहान चिप आणि खेळ किंवा एडिटिंगला मोठी, अशी वाटणी असते आणि मोठी चिप एरवी झोपलेली असते. अपग्रेडनंतर ती जागीच राहिली तर काहीही न करता काही वॅट सतत जातात. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जीपीयू इंजिन हा रकाना चालू करा, कोणता प्रोग्रॅम कुठली चिप धरून बसलाय ते समोर येतं. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या प्रोग्रॅमला पॉवर सेव्हिंग लावा.

टचपॅडचं दुखणंही याच जातीचं आहे. कर्सर हलतो, क्लिक होतं, पण दोन बोटांचं काम चालत नाही, याचा अर्थ टचपॅड स्वतः धड आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो आय-टू-सी नावाच्या आतल्या वाहिनीवरून जोडलेला असतो. त्या वाहिनीचा ड्रायव्हर, इंटेलवर सीरियल आयओ या नावाचा, गायब झाला की टचपॅड जुन्या पीएस-टू माउसचं सोंग घेतो. माउसला दोन बोटं कळत नाहीत. म्हणून टचपॅडचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून उपयोग होत नाही, आधी त्याच्या खालची वाहिनी उभी करावी लागते. आणि ती वाहिनी, वीज आणि उष्णता सांभाळणारे भाग, हे सगळं चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांच्या, घरातलं आहे.

म्हणून ड्रायव्हर टाकताना क्रमाला किंमत आहे. आधी चिपसेट, मग मॅनेजमेंट इंजिन आणि सीरियल आयओ, मग उष्णता-वीज सांभाळणारा डायनॅमिक ट्यूनिंगसारखा ड्रायव्हर, मग ग्राफिक्स, आणि शेवटी आवाज, वायफाय, टचपॅड. प्रत्येकानंतर रीस्टार्ट करा. कंटाळा येतो, पण मधेच काही बिघडलं तर ते कशामुळे हे कळण्याचा तो एकच मार्ग आहे. रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच, शटडाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोज आपला गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतं. त्यामुळे रोज रात्री बंद करूनही मी तीच चूक रोज पाहतोय, असं म्हणणारे खरंच सांगत असतात.

ड्रायव्हर आणायचे कुठून? लॅपटॉपच्या पोटावर मॉडेल आणि सीरियल क्रमांक छापलेला असतो. तो ज्या कंपनीनं लॅपटॉप बनवला तिच्या सपोर्ट पानावर टाका आणि सगळ्या फाइली आधी एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. वायफायचा ड्रायव्हर त्यात हवाच, कारण मधेच नेट गेलं तर पुढचं सगळं अडतं. यादीत विंडोज ११ नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतो, दोघांचा पाया एकच आहे. सगळे ड्रायव्हर एका बटणात अपडेट करून देतो म्हणणारी तिसऱ्याच कोणाची सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, हे मी कळकळीनं सांगतो. ती आकडा मोठा दिसला की नवीन समजतात आणि तुमच्या मॉडेलसाठी जुळवलेला ड्रायव्हर काढून भलताच बसवतात. अशा लॅपटॉपमध्ये काय मूळचं आणि काय नंतरचं हे शोधण्यातच माझे तास गेले आहेत.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, आणि हा सगळ्यात सोपा. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही, इथे जुना-नवा मेळ बसलेला नसतो. कोड ४३ म्हणजे उपकरणानंच तक्रार केली आहे. ड्रायव्हर बदलूनही तो राहिला तर हार्डवेअरचा संशय घ्या. नुसतं अननोन डिव्हाइस असेल तर डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडीज निवडा. त्यात व्हीईएनच्या पुढे ८०८६ असेल तर भाग इंटेलचा, १००२ असेल तर एएमडीचा, १०डीई असेल तर एनव्हिडियाचा आणि १०ईसी असेल तर रिअलटेकचा. एवढं कळलं की कंपनीच्या यादीतली कुठली फाइल राहून गेली ते लगेच ओळखू येतं.

कधी कधी ड्रायव्हर असतो, पण विंडोज त्याला आत येऊ देत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय आहे. ती चालू असली की जुन्या पद्धतीचे असुरक्षित ड्रायव्हर अडवले जातात आणि त्यांची नावं तिथेच दिसतात. बरेच जण सल्ला देतात की ती सोय बंद करून टाका. मी तसं करत नाही. जो ड्रायव्हर अडला आहे तो बहुधा फेकून दिलेल्या प्रिंटरचा किंवा कधीकाळी टाकलेल्या कुठल्या युटिलिटीचा असतो. तो काढून टाका, संरक्षण राहू द्या.

आता ८० टक्क्यांचं कोडं. हा बहुतेक वेळा बिघाडच नसतो. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये कन्झर्व्हेशन मोड, एससच्या मायएससमध्ये बॅटरी केअरची सोय, एसरच्या केअर सेंटरमध्ये चार्जची मर्यादा, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत थेट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) तसाच पर्याय असतो. लिथियम-आयन बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते, म्हणून ही मर्यादा. ही आज्ञा विंडोजमध्ये राहत नाही. ती मदरबोर्डवरच्या एंबेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपमध्ये राहते आणि चार्जिंग प्रत्यक्षात तीच सांभाळते. अपग्रेडमध्ये ते अॅप मोडलं किंवा नव्या आवृत्तीनं मर्यादा आपोआप चालू केली, तर चिप आपलं काम करत राहते आणि तुम्हाला मात्र बटण सापडत नाही. फॉरमॅट मारूनही हे सुटत नाही, ते यामुळेच. कंपनीचं अॅप ताजं टाका किंवा बायोसमध्ये बघा, मर्यादा काढा, चार्जिंग पुढे सरकेल.

मात्र बहुतेक वेळ चार्जरवरच काम करत असाल तर ती मर्यादा ठेवा, असंच मी म्हणेन. फक्त तास मोजताना ते लक्षात घ्या. ८० वरून सुरुवात केली की पाच तासांचे चारच होतात, काहीही बिघडलेलं नसताना. यूएसबी-सी चार्जर वापरत असाल तर त्याचे वॅटही बघून घ्या. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ३० वॅटचा चार्जर लावला तर कामाच्या भरात टक्के वाढायच्या ऐवजी घटूही शकतात.

बॅटरीचा ड्रायव्हर काढून टाका, हा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. डिव्हाइस मॅनेजरच्या बॅटरीज भागात मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी असं नाव असतं. ते अनइन्स्टॉल करायचं, लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं आणि पुन्हा चालू करायचं. टक्केवारी एकाच आकड्यावर गोठली असेल किंवा बॅटरीच नाही असं विंडोज म्हणत असेल, तर हे जरूर करा. ती एंबेडेड कंट्रोलर चिप आणि विंडोज यांचं तुटलेलं बोलणं त्यानं परत सुरू होतं. पण बॅटरी लवकर उतरण्यावर त्याचा उपयोग नाही, हा ड्रायव्हर फक्त आकडा वाचतो. टक्के उड्या मारत असतील, ३५ वरून एकदम ५, तर गोष्ट वेगळी. तिथे मोजमाप सरकलेलं असतं. पूर्ण चार्ज करा, तासाभर तसंच राहू द्या, मग सलग वापरून पाच टक्क्यांपर्यंत उतरवा आणि पुन्हा न थांबता पूर्ण भरा. एकदाच. दर महिन्याला हा उपास बॅटरीला घडवू नका, त्यानं ती झिजतेच.

राहिला रात्रीचा गरम लॅपटॉप, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बॅगेत कोंडलेला गरम लॅपटॉप बॅटरीचं खरंखुरं नुकसान करतो. टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी /ए असं टाका. एस३ दिसलं तर तुमचा लॅपटॉप जुन्या पद्धतीनं झोपतो: मेमरी सोडून जवळपास सगळं बंद. एस० लो पॉवर आयडल दिसलं तर तो फोनसारखा झोपतो, म्हणजे अर्धा डोळा उघडा ठेवून. या दुसऱ्या प्रकारात एक ड्रायव्हर जरी जागा राहिला तरी सगळा लॅपटॉप खोल झोपेत जात नाही. कोण जागवतंय हे शोधायला टर्मिनल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी चालवा. झोपेच्या प्रत्येक कालावधीपुढे किती बॅटरी गेली आणि त्यातला किती वेळ खोल झोपेचा होता ते येतं, आणि त्रास देणारा भाग नावासकट खाली दिसतो. बहुतेक वेळा तो वायफाय, आवाज किंवा यूएसबीचा ड्रायव्हर निघतो. पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स ही आज्ञा आत्ता या क्षणी झोपेला कोण आडवं येतंय ते सांगते. ड्रायव्हर जुळेपर्यंत झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद व्हावा, असं सेटिंग करून ठेवा. उघडायला काही सेकंद जास्त लागतील, पण रात्रभर वीज जाणार नाही.

बायोसचं अपडेट अशा वेळी पुष्कळदा कामी येतं, कारण चार्जिंग आणि झोपेच्या बऱ्याच चुका कंपन्या तिथेच सुधारतात. पण त्याआधी एक गोष्ट विसरू नका. डिस्क बिटलॉकरनं किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शननं कुलूपबंद असेल तर बायोस बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून ठेवा आणि अपडेटपुरतं बिटलॉकर सस्पेंड करा. की नाही म्हणून वर्षांचे फोटो कायमचे अडकलेला माणूस मी समोर बसलेला पाहिला आहे. तिथे माझ्यासकट कोणीच काही करू शकलं नाही. अपडेट चालू असताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी किमान अर्धी भरलेली.

कधी कधी सगळं जुळवल्यावर चार दिवसांनी विंडोज अपडेट स्वतःहून दुसराच ग्राफिक्स ड्रायव्हर घालतं आणि दुखणं परत येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर असतं, ते वापरा. आणि लॅपटॉप नीट चालायला लागला की त्याच दिवशी पीएनपीयूटिल या आज्ञेच्या /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायानं, पुढे ताऱ्याचं चिन्ह (*) आणि फोल्डरचं नाव देऊन, बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची प्रत काढून ठेवा. पुढच्या अपग्रेडला ते फोल्डर सोन्याच्या मोलाचं ठरतं.

मागे फिरायचं असेल तर वेळ थोडाच आहे. जुनं विंडोज विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये १० दिवस ठेवलेलं असतं आणि सेटिंग्जमधल्या सिस्टिम, रिकव्हरी इथून गो बॅक करता येतं. तुमचा आठवडा उलटला आहे, म्हणजे हातात दोन-तीन दिवस आहेत. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, ते हेच फोल्डर पुसू शकतं. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मागे जाणं ही तात्पुरती सोय समजा.

लिनक्सवर हेच घडलं असेल तर हिशेब तोच, फक्त जागा वेगळ्या. सिस्टिमच्या पॉवर सप्लाय फोल्डरमध्ये बॅटरीच्या नावाखाली एनर्जी फुल आणि एनर्जी फुल डिझाइन अशा दोन फाइली असतात. काही लॅपटॉपांत त्यांची नावं चार्जनं सुरू होतात. पॉवरटॉप चालवून खर्चाचे वॅट बघा. वीज वाचवणारे टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन हे दोन्ही प्रोग्रॅम एकत्र चालू असतील तर एकच ठेवा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर सिक्युअर बूटमुळे सही नाही म्हणून अडतो, तेव्हा त्याची की नोंदवावी लागते. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनच्या पॉवर भागात सायकल आणि बॅटरीची स्थिती दिसते. तिथे ड्रायव्हरांचा हा व्याप नाही. अपडेटनंतरचे पहिले दिवस स्पॉटलाइट (मॅकची शोधाची सोय) आणि फोटोंचं काम चाललेलं असतं, ते संपू द्यावं.

फॉरमॅट मी कधी सांगतो? चिपसेटपासून सगळे ड्रायव्हर क्रमानं टाकून, बायोस ताजं करून, स्लीपस्टडी बघूनही निष्काम बसलेला लॅपटॉप पंधरा वॅटच खात असेल तेव्हा. तेव्हाही आधी डेटाची प्रत, बिटलॉकरची की आणि ड्रायव्हरांचा पेन ड्राइव्ह हातात हवा.

तुमच्या बाबतीत आज रात्री एवढंच करा: टेबलावर डुगडुगतो का ते बघा, बॅटरी रिपोर्ट काढा, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये कोणाचं नाव आहे ते वाचा. डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी, एका तासाचा खर्च, पॉवरसीएफजी /ए मध्ये काय दिसलं आणि पिवळ्या त्रिकोणाचा कोड, हे मॉडेलच्या नावासकट कळवा. तुमच्याच मॉडेलसाठी कुठली फाइल आधी टाकायची ते त्यावरून नेमकं सांगतो.